बिनश्वासाचा आवाज

ताईचं काम श्वास कापण्याचं होतं.

नट माइकसमोर बोलतात तेव्हा वाक्याच्या आधी श्वास घेतात, मध्ये घेतात, दम संपला की पुन्हा घेतात. कोणी नाकाने सूं करतो, कोणी तोंडाने हाऽ करतो, एखादा तर बुडता बुडता वर आल्यासारखा. ताई कानाला हेडफोन लावून हे श्वास शोधायची, निम्मे पुसायची, उरलेले बारीक करायची. सगळे पुसून चालत नाही. सगळे पुसले की ऐकणाऱ्याच्या छातीवर काहीतरी बसल्यासारखं होतं आणि कशाने होतंय ते त्याला कळत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकवीस वर्षांत तिच्या कानांनीच ते शिकून घेतलं होतं.

स्टुडिओ रंगाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात कायम तेलरंगाचा वास. आत दोन खोल्या. एकीत ताईचं टेबल, दुसरी बोलण्याची; तिच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, आणि दोन्हींच्या मध्ये जाड काच. ताईला घरापेक्षा ही जागा बरी वाटायची. इथे कोण काय बोललं ते पुसता तरी यायचं.

एका सोमवारी सकाळी निर्माता आला. पस्तिशीचा, उत्साही, स्वतःच्याच कल्पनांवर खूश असणारा माणूस.

"ताई, आधी नीट बसा," तो म्हणाला. "निर्वात परत येतोय."

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "कुठून?" तिने विचारलं. निर्मात्याला वाटलं ती गंमत करतेय, म्हणून तो हसला.

चाळीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला रेडिओवर एक मालिका लागायची. ताऱ्यांच्या पलीकडे गेलेल्या एका यानाची गोष्ट. पण लोक ऐकायचे ते यानासाठी नाही, निर्वातासाठी. निर्वात हा हवा संपलेल्या एका ग्रहाचा सम्राट. दुसऱ्यांच्या ग्रहांवरची हवा पिऊन तो जगायचा. स्वतःकडे हवाच नसल्यामुळे तो बोलताना श्वास घेत नसे. दीड दीड पानाचं भाषण, आणि मध्ये श्वासाची चाहूलसुद्धा नाही. मुलं पांघरुणात तोंड खुपसायची. मोठी माणसंही मालिका संपेपर्यंत पाणी प्यायला एकटी उठायची नाहीत.

तो आवाज ताईच्या बाबांचा होता.

"बाबांचा आशीर्वाद हवा," निर्माता म्हणाला. "एक फोटो काढू. लोक वेडे होतील."

"बाबा बोलत नाहीत आता."

"माहीत आहे ना, ताई. म्हणून तर फोटो म्हटलं."

नऊ वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात बाबांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, त्यातून ते श्वास घ्यायचे, आणि भोकावर पातळ कापड बांधलेलं असायचं. बोलायचं असलं की मांडीवरच्या पांढऱ्या पाटीवर लिहायचे. ऐंशी पार झाली होती तरी अक्षर टपोरं होतं.

त्या संध्याकाळी ताईने बातमी सांगितली. बाबांनी लिहिलं, "कोण करतोय?"

"राजे." नाटकांतून सारख्या राजाच्या भूमिका करणाऱ्या एका नटाला सगळे याच नावाने हाक मारायचे. "चांगला आहे. सभ्य आहे."

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "त्याला सांग, नको करूस."

ताईला वाटलं, हेवा. आणि तिला ते समजण्यासारखंही होतं. निर्वातानंतर बाबांना कोणी दुसरं काम दिलं नाही. औषधाच्या दुकानात उभे राहिले तरी माणसं म्हणायची, "एकदा म्हणून दाखवा ना." मालिकेने तर त्यांना धड निरोपही दिला नव्हता. आई गेल्यावर बाबांनी महिनाभर रजा घेतली, तेवढ्यात एका भागात यानाचा कप्तान सहज म्हणाला, "निर्वात आता उरला नाही." बस. एका वाक्यात विषय संपला. बाबांनी ते घरात बसून ऐकलं, उठून रेडिओची पिन काढली आणि परत कधी लावली नाही. ताईला नेहमी वाटायचं, हा माणूस बायकोसाठी रडला नाही तेवढा त्या सम्राटासाठी रडला असता.

रेकॉर्डिंग सुरू झालं. राजे स्वतःचं कोमट पाणी थर्मासमधून घेऊन आला, सगळ्यांना नमस्कार करून आत बसला.

"जुना आवाज ऐकलायत का कधी?" काचेच्या अलीकडून ताईने माइकवर विचारलं.

"कुठून ऐकणार, ताई? टेपा रेडिओवाल्यांनी केव्हाच पुसल्या म्हणे. वरून हवामानाच्या बातम्या भरल्या. मी आपला माझा करणार."

ते खरं होतं. त्या आवाजाची एकही टेप कुठे शिल्लक नव्हती.

राजेने पहिलं वाक्य म्हटलं, आणि ताईचा हात बटणावरच राहिला. सूर तोच. शब्दाच्या शेवटी किंचित खाली जाणं तेच. 'हवा' म्हणताना 'ह' आतल्या आत गिळणं, तेही तेच. मागे उभ्या निर्मात्याने टाळी वाजवली. "काय आवाज लावलाय!" तो म्हणाला.

दुपारी ती श्वास कापायला बसली. कापायला काहीच नव्हतं.

चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही श्वास नव्हता. तेही एक वेळ ठीक. पण दोन वाक्यांच्या मधली शांतताही निराळी होती. प्रत्येक खोलीच्या शांततेला आपला एक आवाज असतो. बारीक गुणगुण, भिंतींची, तारांची, हवेची. ताई डोळे मिटून सांगू शकायची की ही शांतता कोणत्या स्टुडिओतली आहे. या शांततेत खोलीच नव्हती.

तिने तार बदलली, माइक बदलला. मग स्वतः आत जाऊन "एक, दोन, तीन" म्हटलं आणि येऊन ऐकलं. तिचा श्वास होता, खोलीची गुणगुण होती, खुर्चीची कुरकुरसुद्धा होती. यंत्रात काही बिघाड नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती काचेला नाक लावून उभी राहिली. राजेचे खांदे वर-खाली होत होते. वाक्यापूर्वी त्याचं तोंड उघडत होतं. तो चारचौघांसारखा श्वास घेत होता. हेडफोनमध्ये त्यातलं काही पोचत नव्हतं.

"राजे, त्रास होतोय का काही?" तिने मधल्या सुट्टीत विचारलं.

"नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं, पण घसा ओला होत नाही."

बुधवारी कप्तानाचं काम करणारी नटी अर्ध्या प्रवेशातून उठून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आत हवा नाहीये," ती म्हणाली. "मी त्याच्यासमोर बसून बोलणार नाही. माझी वाक्यं वेगळी घ्या." निर्मात्याने एसीवाल्याला बोलावलं. त्याने जाळी उघडली, हात धरून पाहिला आणि सगळं ठीक आहे म्हणून गेला. रात्रीच्या गाडीने आलीय, झोप झाली नसेल, असं निर्मात्याने नटीच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं.

गुरुवारी जिन्यात राजे भेटला. भिंतीला टेकून उभा होता.

"बायको माहेरी गेली, ताई."

"का हो?"

"म्हणते, मी झोपेत बोलतो. काय बोलतो विचारलं तर सांगत नाही."

त्याच दिवशी दुपारी ताईला एक वाक्य सापडलं. निर्वाताच्या एका लांबलचक भाषणाच्या मधोमध, त्याच सुरात, संहितेत कुठेही नसलेलं वाक्य:

"तिला सांगा, भाग संपला की येतो."

ताईने ते तीनदा ऐकलं. मग उठून खोलीचं दार लावून घेतलं.

ती नऊ वर्षांची होती. गुरुवार होता. आईला दम्याचा जोराचा झटका आला होता. ती पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गादीवर रोवून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्यातून शिट्टी वाजत होती. ताईने रेडिओ केंद्राला फोन लावला. कोणीतरी उचलला, "थांब हं बाळ" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला. लांबून पावलं ऐकू आली, कुजबुज ऐकू आली, आणि मग बाबांचा आवाज: "तिला सांगा, भाग संपला की येतो." कोणी परत येऊन तिला ते सांगायच्या आतच ताईने फोन ठेवून दिला होता. तेव्हा मालिका थेट प्रसारित व्हायची, टेप सोबतच भरली जायची. साडेसातला भाग सुरू झाला. आठ वाजून दहा मिनिटांनी आई गेली. साडेआठला बाबा आले.

हे वाक्य आपण ऐकलं, हे ताईने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. सांगितलं असतं तर ते काहीतरी कारण देते, आणि तिला कारण नको होतं.

संध्याकाळी तिने ते रेकॉर्डिंग घरी नेलं. बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वाक्य आलं तेव्हा बाबांनी डोळे मिटले. मग त्यांनी पाटी ओढली.

"हा मी नाही."

"शब्द तुमचेच आहेत, बाबा. मी ऐकलेत. फोन माझ्या हातात होता."

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पाटी पुसली, पुन्हा लिहिलं.

"तेव्हाही मी नव्हतो."

"वा!" ताई म्हणाली. "चाळीस वर्षांनी हे सुचलं?"

बाबा भराभर लिहू लागले. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. "तो आला की मला काही ऐकू यायचं नाही." "कोण काय सांगतंय कळायचं नाही. तोच उत्तर द्यायचा." "त्यांनी त्याला मरण दिलं नाही. मी मागितलं होतं. पाया पडलो होतो." शेवटी त्यांनी पाटी दोन्ही हातांनी उचलून तिच्या तोंडासमोर धरली.

"मला तिथे ने."

ताईने त्यांना नेलं, पण त्यांच्यावर विश्वास ठेवून नाही. तिला त्यांना तो आवाज मोठ्या स्पीकरवर, चार माणसांत ऐकवायचा होता. त्यांचं तोंड तेव्हा कसं होतं ते बघायचं होतं.

शनिवारी दुपारी शेवटचं रेकॉर्डिंग होतं. निर्मात्याने दारातच फोटो काढले. राजे आत बसला होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि तो कोणाकडे बघत नव्हता. बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून निर्मात्याला दिला. त्यावर दोनच वाक्यं होती.

*हवा तुमची होती. मी ती परत ठेवतो आहे.*

"हे काय?"

"त्याचं मरण," ताई म्हणाली.

"पण निर्वात मरत नाही ना, ताई. पुढचं पर्व जाहीर झालंय."

"म्हातारा माणूस आहे. घ्या म्हणून. मी कापीन नंतर."

निर्मात्याने खांदे उडवले. बाबा आत गेले, राजेसमोरच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. ताईने हेडफोन चढवले.

राजेने कागद वाचला. एकदा, दोनदा. मग माइककडे तोंड केलं.

"हवा तुमची होती."

आणि थांबला.

काचेपलीकडे बाबांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. राजेचे ओठ मिटलेले होते. ताईच्या कानांत ती बिनखोलीची शांतता पसरली. तिने इतकी खोल शांतता कधी ऐकली नव्हती. तिला वाटलं, या शांततेला पलीकडूनही कोणीतरी कान लावून बसलंय.

मग अगदी जवळून, हेडफोनच्याही आतून आल्यासारखं, ऐकू आलं:

"मी ती परत ठेवतो आहे."

राजेचे ओठ हलले नव्हते.

दुसऱ्या क्षणी तो खुर्चीवरून खाली पडला आणि त्याने श्वास घेतला. स्पीकर फाटेल एवढा मोठा, ओरबाडल्यासारखा श्वास. मग दुसरा. मग तो हमसून हमसून रडू लागला, आणि त्या रडण्यामागे खोलीची गुणगुण होती, एसीची घरघर होती, खाली रस्त्यावरचा हॉर्न होता. सगळं परत आलं होतं. बाहेर थांबलेल्या नटीने धावत जाऊन राजेला पाणी दिलं. घोट घेऊन तो म्हणाला, "गार आहे," आणि हसला.

निर्माता म्हणाला, "कमाल! हे आपण ठेवू या का?"

ताईने रेकॉर्डिंग मागे नेऊन तपासलं. पहिलं वाक्य होतं. त्यानंतर थेट राजेचा श्वास. दुसरं वाक्य कुठेच नव्हतं.

"दुसरं वाक्य कोणी ऐकलं?" तिने विचारलं.

"दुसरं म्हटलंच कुठे त्याने?" निर्माता म्हणाला.

घरी पोचले तेव्हा चार-साडेचार झाले होते. लिफ्ट बंद होती. चार मजले. बाबा प्रत्येक वळणावर थांबत होते, कठड्याला धरून, आणि गळ्यावरचं कापड धाप लागून आत-बाहेर फडफडत होतं. ताई त्यांची काठी, पाटीची पिशवी आणि वाटेत घेतलेली भाजी घेऊन एका दमात वर गेली आणि दार उघडून त्यांची वाट बघत उभी राहिली.

बाबा खुर्चीत बसले. कितीतरी वर्षांत तिने त्यांना असं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पाटी मागून घेतली, एकच शब्द लिहिला आणि हसून तिला दाखवला.

"सुटलो."

ताईने तो शब्द वाचला.

"तुम्ही सुटलात," ती म्हणाली, "छान झालं, तुम्हाला सोडवायला मीच तुम्हाला हात धरून घेऊन गेले, आणि आई कशातून सुटली ते तुम्ही कधी विचारलंत का मला, ती कशी बसली होती, तिची नखं कोणत्या रंगाची झाली होती, मी फोनवर काय ऐकलं, आठ वाजता घरात कोण होतं आणि साडेआठला दारात उभं राहून तुम्ही मला पहिलं काय विचारलंत, तुम्ही विचारलंत भाग ऐकलास का, आणि मी हो म्हटलं..."

तिचा आवाज चढला नाही. तिला वाटलं होतं हे कधी बोलावं लागलं तर आपण किंचाळू, नाहीतर मध्येच हुंदका येऊन गप्प होऊ. तसं काही झालं नाही. वाक्याला वाक्य जोडलेलं येत होतं, शांत, सरळ, शब्दाच्या शेवटी किंचित खाली जाणारं. चाळीस वर्षं तिने जे जे गिळलं होतं ते सगळं ओळीने येत होतं. बाबांचं न रडणं. ती पिन काढलेला रेडिओ. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांसमोर तिला त्या आवाजात मारलेली हाक. बाबा ऐकत होते, मान खाली घालून, मारायला हात उगारलेल्या माणसासमोर बसावं तसे.

मग तिने स्वतःला म्हणताना ऐकलं, "आणि आई म्हणाली होती, तो रेडिओ बंद कर, तो बोलत असला की मला श्वास घेता येत नाही, दोनदा म्हणाली, आणि मी बंद केला नाही, मला पुढे काय होतं ते ऐकायचं होतं."

हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. इथे तरी आपण थांबू, असं तिला वाटलं. इथे कोणीही थांबलं असतं. पण पुढचं वाक्य तयार होतं आणि ते आलं, आणि त्याच्या पुढचंही.

बाबांनी मान वर केली. ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ते तिच्या छातीकडे बघत होते, मग गळ्याकडे, मग पुन्हा छातीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला. त्यांनी पाटी ओढली. पाटीच्या पेनाचं टोपण त्यांच्याने निघेना. निघालं. टपोरं अक्षर लहान मुलाने काढल्यासारखं आलं.

त्यांनी पाटी तिच्यासमोर धरली.

"श्वास घे."

ताईने ते वाचलं, आणि ती बोलत राहिली.